लू गेरिग

हेन्री लुईस ऊर्फ लू गेरिग (१९ जून, १९०३ – २ जून, १९४१) हे अमेरिकेतील ख्यातनाम बेसबॉल खेळाडू होते. न्यूयॉर्क यांकीज या संघाकडून ते १९२३ ते १९३९ या काळात पहिल्या बेसवर खेळले. १ जून, १९२५ ते ३० एप्रिल, १९३९ या अवधीत त्यांनी एकही सामना न चुकवता सलग २,१३० सामने खेळले. हा विक्रम ५६ वर्षे अबाधित राहिला. या सातत्यामुळे त्यांना 'आयर्न हॉर्स' म्हणजे 'लोखंडी घोडा' असे नाव पडले. त्या काळी अमेरिकेत वाफेच्या रेल्वे इंजिनालाही याच नावाने ओळखत.

वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांना अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस) हा चेतासंस्थेचा असाध्य विकार झाल्याचे निदान झाले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले. अमेरिकेत हा विकार आजही 'लू गेरिगचा आजार' म्हणून ओळखला जातो. ज्यांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही, अशा असंख्य लोकांना त्यांचे नाव केवळ या आजारामुळे ठाऊक आहे.

बालपण आणि शिक्षण

गेरिग यांचा जन्म न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटनच्या यॉर्कव्हिल या वस्तीत झाला. वडील हाइनरिक आणि आई क्रिस्टिना हे दोघेही जर्मनीहून अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते. या दांपत्याला चार अपत्ये झाली. त्यांपैकी तिघांचा बालपणीच मृत्यू झाला आणि एकटे लू वाचले. वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर होते, परंतु आजारपण आणि व्यसन यांमुळे त्यांना नियमित काम मिळत नसे. संसाराचा भार प्रामुख्याने आईने वाहिला. लोकांच्या घरी स्वयंपाक करणे, कपडे धुणे, साफसफाई करणे अशी कामे करून तिने मुलाला शिकवले. मुलाने अभियंता व्हावे, ही तिची इच्छा होती.

न्यूयॉर्कच्या कॉमर्स हायस्कूलमध्ये शिकत असताना जून १९२० मध्ये त्यांच्या शाळेचा संघ शिकागोच्या एका शाळेविरुद्ध खेळण्यासाठी गेला. हा सामना पुढे रिगली फील्ड या नावाने प्रसिद्ध झालेल्या व्यावसायिक मैदानावर झाला. तिन्ही बेसवर आपले खेळाडू उभे असताना, १७ वर्षांच्या गेरिग यांनी शेवटच्या डावात चेंडू मैदानाबाहेर फटकावला. या फटक्याची नोंद वृत्तपत्रांनी घेतली आणि त्यांचे नाव प्रथमच शहराबाहेर पोहोचले.

१९२१ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमासाठी प्रवेश घेतला. त्यांची आई याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका निवासात स्वयंपाकीण म्हणून काम करीत होती. प्रवेशापूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी हार्टफर्ड येथील व्यावसायिक संघाकडून 'हेन्री लुईस' या नावाने काही सामने खेळले होते. पैसे घेऊन खेळणाऱ्यास विद्यापीठाच्या संघात स्थान नसे. ही गोष्ट उघडकीस आल्यावर पहिल्या वर्षी त्यांना विद्यापीठाकडून खेळण्यास मनाई झाली. पुढे ते विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ खेळले.

१८ एप्रिल, १९२३ रोजी ब्राँक्स भागात यांकी स्टेडियम या नव्या भव्य मैदानाचे उद्‌घाटन झाले. त्याच दिवशी कोलंबियाच्या मैदानावर गेरिग यांनी पिचर म्हणून विल्यम्स कॉलेजचे १७ फलंदाज बाद केले, तरीही त्यांचा संघ हरला. यांकीज संघासाठी नवे खेळाडू हेरणारे पॉल क्रिचेल यांची नजर मात्र त्यांच्या गोलंदाजीपेक्षा फलंदाजीवर खिळली होती. त्या महिन्याच्या अखेरीस गेरिग यांनी यांकीजशी करार केला. करारापोटी मिळालेली १,५०० डॉलरची रक्कम आईवडिलांच्या आजारपणाने ओढगस्तीला आलेल्या घराला मोठा आधार ठरली. शिक्षण मात्र अपुरे राहिले.

खेळाची ओळख

क्रिकेटच्या वाचकांना गेरिग यांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी बेसबॉलमधील काही संज्ञा समजून घेणे उपयुक्त ठरते. मैदानात चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार बेस असतात. फलंदाज चेंडू फटकावून क्रमाने या बेसवरून धावत परत आला की एक धाव होते. चेंडू सीमेपलीकडे थेट गेल्यास त्याला होम रन म्हणतात. क्रिकेटमधील षटकाराशी त्याचे साम्य आहे. तिन्ही बेसवर सहकारी असताना होम रन मारल्यास एका फटक्यात चार धावा मिळतात. हा 'ग्रँड स्लॅम' होय. फलंदाजाच्या फटक्यामुळे संघाच्या जितक्या धावा होतात, त्यांची 'आरबीआय' या नावाने स्वतंत्र नोंद ठेवली जाते. फलंदाजीची सरासरी म्हणजे एकूण संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण. सरासरी ०.३०० असणारा, म्हणजे दहापैकी तीन वेळा यशस्वी ठरणारा फलंदाज उत्तम समजला जातो.

गेरिग यांच्या काळात प्रत्येक संघ एका हंगामात १५४ सामने खेळत असे. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत जवळजवळ रोज सामना असे आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेने रात्रीचा प्रवास करावा लागे.

कारकीर्द

गेरिग यांनी १५ जून, १९२३ रोजी यांकीजकडून पहिला सामना खेळला. त्या वर्षी १३ आणि १९२४ मध्ये १० सामन्यांतच त्यांना संधी मिळाली. उरलेला काळ त्यांनी हार्टफर्डच्या संघाकडून खेळण्यात घालवला. १ जून, १९२५ रोजी पी वी वॅनिंगर या खेळाडूच्या जागी त्यांना केवळ एकदा फलंदाजीस पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी वॉली पिप यांच्याऐवजी त्यांना पहिल्या बेसवर उभे केले. पिप यांनी डोकेदुखीमुळे एका दिवसाची विश्रांती मागितली आणि त्यांची जागा कायमची गेली, अशी कथा पुढे रूढ झाली. वस्तुतः यांकीज संघ त्या वेळी वारंवार हरत होता आणि हगिन्स यांनी त्या दिवशी संघात एकाच वेळी अनेक बदल केले होते. गेरिग यांनी त्या दिवशी मिळालेली जागा पुढील चौदा वर्षे सोडली नाही.

१९२७ चा यांकीज संघ हा बेसबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ संघांपैकी एक मानला जातो. त्या वर्षी बेब रूथ यांनी ६० होम रनचा विक्रम केला. त्यांच्या पाठोपाठ फलंदाजीस येणाऱ्या गेरिग यांनी ४७ होम रन आणि ०.३७३ ची सरासरी नोंदवून अमेरिकन लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळवला. १९२९ मध्ये यांकीज संघाने फलंदाजीच्या क्रमानुसार जर्सीवर क्रमांक घातले, तेव्हा रूथ यांना ३ आणि गेरिग यांना ४ हा क्रमांक मिळाला.

रूथ मोठ्या आवाजात वावरणारे, उधळे आणि वृत्तपत्रांचे लाडके होते. गेरिग अबोल, काटकसरी आणि आईवडिलांच्या सोबत राहणारे. १९३० मध्ये रूथ यांना ८०,००० डॉलर वार्षिक वेतन मिळत होते. गेरिग यांचे सर्वाधिक वेतन १९३८ मध्ये ३९,००० डॉलर इतके होते. प्रसिद्धीही अनेकदा त्यांना हुलकावणी देत राहिली. ३ जून, १९३२ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी एकाच सामन्यात चार होम रन मारले. विसाव्या शतकात असा पराक्रम करणारे ते पहिले खेळाडू. परंतु त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सचे दीर्घकाळचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी पद सोडले आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील मुख्य बातमी ती ठरली.

१९३१ मध्ये त्यांनी १८५ आरबीआयची नोंद केली. अमेरिकन लीगमधील एका हंगामाचा हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. १९३४ मध्ये सरासरी (०.३६३), होम रन (४९) आणि आरबीआय या तिन्ही बाबतींत ते लीगमध्ये अव्वल राहिले. या दुर्मीळ कामगिरीला 'तिहेरी मुकुट' म्हणतात. १९३५ मध्ये ते संघाचे कर्णधार झाले आणि १९३६ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या काळात यांकीज संघाने १९२७, १९२८, १९३२, १९३६, १९३७ आणि १९३८ अशा सहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली.

एकूण २,१६४ सामन्यांत त्यांची सरासरी ०.३४० असून ४९३ होम रन आणि १,९९५ आरबीआय त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी मारलेल्या २३ ग्रँड स्लॅमचा विक्रम २०१३ मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज यांनी मोडला.

२९ सप्टेंबर, १९३३ रोजी त्यांचा विवाह शिकागोच्या एलेनॉर ट्विचेल यांच्याशी झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

सलग सामन्यांचा विक्रम

गेरिग यांच्यापूर्वी सलग १,३०७ सामने खेळण्याचा विक्रम एव्हरेट स्कॉट यांच्या नावावर होता. गेरिग यांनी ऑगस्ट १९३३ मध्ये तो मागे टाकला आणि त्यापुढे आणखी आठशेहून अधिक सामने खेळले. भारतीय वाचकांच्या माहितीसाठी, सुनील गावसकर सलग १०६ कसोटी सामने खेळले. दोन्ही खेळांचे स्वरूप भिन्न असल्याने थेट तुलना शक्य नसली, तरी अखंड खेळत राहण्याची कठीणता त्यावरून ध्यानात येते.

हा विक्रम निरोगी शरीराच्या बळावर आपोआप घडलेला नव्हता. उतारवयातील क्ष-किरण चित्रांत त्यांच्या हातांच्या हाडांवर जुन्या, आपोआप भरून आलेल्या अनेक अस्थिभंगांच्या खुणा आढळल्या. बोटे मोडली असतानाही ते खेळत राहिले होते. जून १९३४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात चेंडू डोक्याला लागून ते बेशुद्ध पडले; दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मैदानात होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात डेट्रॉइट येथे कंबरेच्या तीव्र वेदनेमुळे त्यांना सामना अर्धवट सोडावा लागला. पुढच्या दिवशी त्यांचे नाव फलंदाजीच्या क्रमात सर्वांत वर घालण्यात आले; एकदा फलंदाजी करून ते परतले. अशा प्रसंगांमुळे काही समीक्षकांनी या विक्रमाच्या अट्टहासावर टीकाही केली आहे.

आजार आणि निवृत्ती

१९३८ च्या हंगामात गेरिग यांची सरासरी ०.२९५ वर आली. इतर कोणाही खेळाडूला अभिमानास्पद वाटावी अशीच ही कामगिरी होती. परंतु १९२५ नंतर प्रथमच ते ०.३०० च्या खाली आले होते. पस्तिशीतील खेळाडूचे वय झाले, असाच अर्थ बहुतेकांनी काढला. १९३९ च्या वसंतातील सरावात मात्र निराळेच काही घडत असल्याचे सहकाऱ्यांच्या लक्षात येऊ लागले. नेमका बसलेला फटकाही दूर जात नसे, धावताना पाय जड पडत आणि ते तोल जाऊन कोसळत.

हंगामाच्या पहिल्या आठ सामन्यांत २८ वेळा फलंदाजी करून त्यांना केवळ चार यशस्वी फटके मारता आले. ३० एप्रिल रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात पिचरने अडवलेला एक साधा चेंडू घेण्यासाठी पहिल्या बेसपर्यंत पोहोचताना त्यांची दमछाक झाली. फलंदाज बाद झाला आणि सहकाऱ्यांनी त्यांचे कौतुक केले. ज्या कृतीबद्दल पूर्वी कोणी अवाक्षरही काढले नसते, तिची शाबासकी मिळू लागली, यातच आपली अवस्था त्यांना उमगली.

२ मे, १९३९ रोजी डेट्रॉइट येथे त्यांनी व्यवस्थापक जो मॅकार्थी यांना आपल्याला संघातून वगळण्यास स्वतःहून सांगितले. कर्णधार या नात्याने खेळाडूंची यादी पंचांकडे नेऊन देण्याचे काम त्यांचेच होते. चौदा वर्षांत प्रथमच स्वतःचे नाव नसलेली यादी त्यांनी स्वहस्ते पंचांना दिली. त्यांच्या जागी बेब डालग्रेन खेळले. ध्वनिक्षेपकावरून ही घोषणा होताच प्रतिस्पर्धी संघाच्या त्या शहरातील प्रेक्षकांनी उभे राहून त्यांना मानवंदना दिली. त्यानंतर ते एकही अधिकृत सामना खेळले नाहीत, मात्र कर्णधार म्हणून संघाबरोबर फिरत राहिले.

प्रकृती ढासळत गेल्याने एलेनॉर यांनी मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकशी संपर्क साधला. सहा दिवसांच्या तपासण्यांनंतर १९ जून, १९३९ रोजी, म्हणजे त्यांच्या ३६ व्या वाढदिवशी, त्यांना एएलएस झाल्याचे निदान झाले. दोन दिवसांनी यांकीज संघाने त्यांची निवृत्ती जाहीर केली.

४ जुलै, १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर वॉशिंग्टनविरुद्धच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात त्यांचा सत्कार झाला. ६१,००० हून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. १९२७ च्या संघातील त्यांचे अनेक सहकारी आले होते. कौटुंबिक कारणावरून अनेक वर्षे अबोला धरलेले बेब रूथही आले आणि त्यांनी गेरिग यांना मिठी मारली. सहकाऱ्यांनी दिलेला चषक हातात पेलवेना, म्हणून गेरिग यांनी तो जमिनीवर ठेवला. बोलण्याची त्यांची तयारी नव्हती. आग्रहानंतर त्यांनी कागद न घेता छोटे भाषण केले. आपल्यावर दुर्दैव ओढवले असले तरी आपण स्वतःला भाग्यवानच समजतो, असा त्याचा आशय होता. सहकारी, व्यवस्थापक, प्रतिस्पर्धी संघ, मैदानावरील कर्मचारी, आईवडील, पत्नी आणि सासूबाई या सर्वांचे त्यांनी आभार मानले. आजाराचे नाव त्यांनी उच्चारले नाही. या भाषणाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नसून चित्रपटवृत्तांतील मोजकी वाक्येच शिल्लक आहेत. अमेरिकेच्या क्रीडा इतिहासातील ते सर्वांत प्रसिद्ध भाषण मानले जाते.

त्यांचा ४ हा क्रमांक पुन्हा कोणत्याही खेळाडूला न देण्याचा निर्णय यांकीज संघाने घेतला. अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल स्पर्धांत एखाद्या खेळाडूच्या सन्मानार्थ क्रमांक निवृत्त करण्याची ही पहिलीच वेळ होती. डिसेंबर १९३९ मध्ये नेहमीची प्रतीक्षेची मुदत शिथिल करून बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड करण्यात आली.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

निवृत्तीनंतर न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी गेरिग यांची शहराच्या पॅरोल आयोगावर दहा वर्षांसाठी नेमणूक केली. जानेवारी १९४० पासून त्यांनी हे काम सुरू केले. केवळ नावाचा उपयोग करून देणाऱ्या अधिक मोबदल्याच्या संधी त्यांच्यापुढे होत्या. त्यांनी वार्षिक ५,७०० डॉलर वेतनाची ही जबाबदारी पत्करली. कैद्यांच्या सुटकेच्या अर्जांचा अभ्यास करणे आणि तुरुंगांना भेटी देणे हे कामाचे स्वरूप होते. या भेटींची प्रसिद्धी होऊ नये, याची ते दक्षता घेत. हातातील बळ गेल्यावर एलेनॉर कार्यालयात सोबत येत आणि सही करताना त्यांचा हात धरत. मृत्यूपूर्वी सुमारे एक महिना आधीपर्यंत ते काम करीत होते.

२ जून, १९४१ रोजी रात्री ब्राँक्समधील रिव्हरडेल येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. पिप यांची जागा घेतल्याच्या दिवसाला तेव्हा बरोबर सोळा वर्षे झाली होती. त्यांच्या पार्थिवावर अग्निसंस्कार करण्यात आले आणि अस्थी न्यूयॉर्क राज्यातील व्हॅलहॅला येथील केन्सिको दफनभूमीत ठेवण्यात आल्या. एलेनॉर यांनी पुनर्विवाह केला नाही. १९८४ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या या आजारावरील संशोधनाच्या कार्यास साहाय्य करीत राहिल्या.

गेरिग यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार

एएलएसचे सविस्तर वर्णन फ्रेंच चेतातज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये, म्हणजे गेरिग यांच्या जन्मापूर्वी ३४ वर्षे केले होते. भारतात डॉक्टर व रुग्ण बहुधा 'मोटर न्यूरॉन डिसीज' हे नाव वापरतात. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या प्रेरक चेतापेशी या आजारात क्रमाक्रमाने नष्ट होतात. आज्ञा मिळेनाशी झाली की स्नायू दुबळे होतात, झिजतात आणि अखेरीस निकामी होतात. हातापायांनंतर बोलणे, गिळणे आणि श्वसन यांवर परिणाम होतो. स्पर्श, दृष्टी आणि श्रवण सहसा शाबूत राहतात. बहुतेक रुग्णांची बुद्धीही शाबूत राहते. काहींमध्ये मात्र विचार व वर्तनात बदल दिसतात.

प्रारंभीची लक्षणे साधी भासतात: पायातून चप्पल निसटणे, सपाट जमिनीवर अडखळणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, हातातून वस्तू पडणे, स्नायूंची फडफड, बोलणे अडखळत वा नाकातून येणे. बधिरपणा किंवा वेदना नसताना अशक्तपणा एका अवयवापासून सुरू होऊन पसरत जातो, तेव्हा चेतातज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. मानेतील मणक्याचा दाब यांसारख्या उपचारक्षम विकारांतही अशीच लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे तपासणीशिवाय निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

हा आजार संसर्गजन्य नाही. सुमारे ९० टक्के रुग्णांच्या कुटुंबात तो पूर्वी आढळलेला नसतो. उर्वरित सुमारे १० टक्क्यांत तो आनुवंशिक असतो. लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षे जगतात, परंतु याला अपवाद आहेत. १९६३ मध्ये निदान झालेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २०१८ पर्यंत जगले. गेरिग यांच्यावर जीवनसत्त्व ई ची इंजेक्शने देऊन पाहण्यात आली, परंतु त्यांचा उपयोग झाला नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले रिल्युझोल हे औषध आयुर्मान काही महिन्यांनी वाढवते. एसओडी१ या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या प्रकारासाठी टोफरसन या औषधाला २०२३ मध्ये तेथे मान्यता मिळाली. आजार पूर्णपणे बरा करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. श्वसनास यंत्राची मदत, पुरेसे पोषण आणि व्यायामोपचार यांनी रुग्णाचे जीवन काही अंशी सुसह्य होते.

डोक्याला वारंवार झालेल्या आघातांमुळे एएलएससारखा दिसणारा वेगळा विकार होऊ शकतो, असे २०१० मध्ये काही संशोधकांनी मांडले. त्यानंतर गेरिग यांच्या निदानाविषयीही चर्चा झाली. तथापि त्यांच्या देहावर अग्निसंस्कार झालेले असल्याने या प्रश्नाचा निर्णायक उलगडा संभवत नाही.

वारसा

१९४२ मध्ये गेरिग यांच्या जीवनावर 'द प्राइड ऑफ द यांकीज' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात गॅरी कूपर यांनी त्यांची भूमिका केली. ६ सप्टेंबर, १९९५ रोजी बाल्टिमोर ओरिओल्सच्या कॅल रिपकेन यांनी सलग २,१३१ वा सामना खेळून गेरिग यांचा विक्रम मोडला. १९९९ मध्ये शतकातील सर्वोत्तम बेसबॉल संघ निवडण्यासाठी चाहत्यांनी केलेल्या मतदानात सर्वाधिक मते गेरिग यांना मिळाली. जिवंतपणी ज्यांच्या छायेत ते वावरले, ते बेब रूथही या मतदानात त्यांच्या मागे राहिले.

२०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची 'आइस बकेट चॅलेंज' ही मोहीम जगभर गाजली. एएलएसच्या संशोधनासाठी निधी उभारणे हा तिचा हेतू होता. २०२१ पासून अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत २ जून हा दिवस 'लू गेरिग दिन' म्हणून पाळला जातो. पहिल्या बेसवर त्यांची जागा पक्की झाल्याची आणि त्यांच्या मृत्यूची अशा दोन्ही घटनांची ही तारीख आहे. या दिवशी सर्व संघांच्या मैदानांवर एएलएसच्या रुग्णांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी उपक्रम राबवले जातात.